भागीने सांगितलेले शब्द

बोर्डिंगच्या दाराला आता कुलूप नाही. कडीला सुंभ बांधलेला आहे, तो कोणीही सोडावा. रेश्माने तो सोडला, दार खांद्याने ढकललं आणि मागे वळून म्हणाली, "टीचर, सांभाळून या. उंबऱ्याचो फातर हालता."

मी त्या दगडावर जपून पाय देत आत गेले. रबराचा वास होता. खाणी जोरात चालायच्या तेव्हा इथे ट्रकांचे टायर ठेवत, असं तिने सांगितलं. नंतर खाणी थांबल्या, टायर गेले, वास राहिला. जमिनीवर लाल धूळ इतकी बसली होती की आमच्या चपलांचे ठसे उमटत होते. मी मधल्या दालनात उभी राहिले आणि लहान मुलासारखं हवेत नाक फिरवलं. रबराच्या खाली दुसरा काही वास शिल्लक आहे का, हे मला बघायचं होतं. सोड्याच्या साबणाचा, पेजेचा, ओल्या लोकरीचा. काहीच नव्हतं. खिडक्यांना काचांच्या जागी बसवलेल्या शिंपल्या मात्र अजून तशाच होत्या. बऱ्याच फुटलेल्या, पण ज्या उरल्या होत्या त्यांतून तोच दुधाळ उजेड आत येत होता. त्या उजेडात नऊ मुली ओळीने बसायच्या आणि मी पलीकडच्या दारातून त्यांच्याकडे बघत राहायचे.

रेश्मा भागीची नात, त्या नऊ जणींतल्या एकीची. कॉलेजात शिकवते. डिचोलीच्या डोंगरावरच्या तिच्या वाड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, पोर्तुगेजांच्या शेवटच्या वर्षांत मुलींना खाली आणून एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. आजी त्याविषयी बोलत नाही. कागदपत्रांत शोधलं तर दोन ओळींच्या वर काही मिळालं नाही. मग कोणीतरी तिला सांगितलं की तिथल्या प्रफेसोरची, म्हणजे मास्तरची, मुलगी पेडण्यात दिली आहे, मराठी शाळेत शिक्षिका होती, अजून हयात आहे. तिने मला फोन केला. "तुमी बोलशात?" एवढंच तिने विचारलं. मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मोबाइलकडे बघत बसले. मला वाटलं होतं, हे मला कोणी कधी विचारणारच नाही.

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली अशा दोन बसगाड्या करून मी आले. बसस्टँडवर रेश्मा स्कूटर घेऊन उभी होती. या वयात मी स्कूटरवर मागे बसले, एक हात तिच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने पोटाशी धरलेली पिशवी. पिशवीत वही होती.

ते बोर्डिंग नक्की कोणाच्या मनात आलं आणि का, हे मला आजही नीट माहीत नाही. वरून हुकूम आला, असं घरात म्हणत. बाबा पोर्तुगेज शिकलेले, त्यांना तिथे प्रफेसोर नेमलं आणि आम्ही डिचोलीचं घर बंद करून बोर्डिंगला लागून असलेल्या तीन खोल्यांत राहायला आलो. मी दहा वर्षांची होते. मला भावंड नव्हतं. आईने नव्या जागेत तुळस लावली. बाबांनी भिंतीवर घड्याळ लावलं. मी मात्र दिवसभर व्हाळाच्या बाजूने, आंब्याच्या बाजूने, घराला सारख्या फेऱ्या मारायचे आणि कोणीतरी खेळायला येईल म्हणून वाट बघायचे.

मुली आल्या त्या दसऱ्यानंतर. हवेत नुकतंच ऊन कोरडं व्हायला लागलं होतं, खळ्यांवर भात पसरलेलं होतं. डोंगराच्या वाटेने दोन शिपाई पुढे आणि मागे एका ओळीत नऊ मुली, प्रत्येकीच्या डोक्यावरून काळं कांबळं घेतलेलं. त्या जवळून गेल्या तेव्हा मला एक वास आला. तुपाचा, धुराचा आणि म्हशीच्या अंगाचा, तिन्ही एकत्र. मला तो फार आवडला. आईने नाकाला पदर लावला.

त्याच सकाळी त्यांचे केस कापले. अंगणात मेज टाकलं होतं आणि न्हावी तालुक्यावरून बोलावला होता. केस तुपाने इतके मऊ झालेले होते की कात्री घसरत होती. केस पडल्यावर त्या मुली एकमेकींकडे बघत होत्या, कोण कोण आहे ते पुन्हा ओळखत असल्यासारख्या. मग हातांतल्या पितळी बांगड्या काढल्या. मग कांबळी. ती सगळी मोठ्या भाणात उकळायला घातली आणि दोन दिवस ओल्या लोकरीचा वास आमच्या अन्नालासुद्धा येत राहिला. कांबळी वाळली, घडी झाली आणि माडीवर गेली. ती मुलींना परत मिळाल्याचं मी कधी पाहिलं नाही. बांगड्या कुठे गेल्या हेही मला माहीत नाही.

सकाळी हजेरी व्हायची. बाबा नाव घेत, मुलगी उभी राही आणि म्हणे, "प्रेझेंत." नावंसुद्धा बाबांनी बदलली होती. भागीची मारिया झाली होती. मला ती नवी नावं लक्षात राहात नसत. दिवसभर बोलायचं ते पोर्तुगेजमध्ये. मागायचं झालं तरी, रडायचं झालं तरी. मराठी बोललेलं बाबा एखाद्या वेळी ऐकून न ऐकल्यासारखं करत. आमच्या घरात तर आरती मराठी होती, ग्रंथ मराठी होता आणि बाबा संध्याकाळी तो स्वतः वाचून दाखवत. पण मुलींनी त्यांच्या वाड्यावरचं बोलणं बोललेलं त्यांना सहन होत नसे. त्यासाठी पाल्मातोरी होती. लाकडाची जाड पळी, गोल तोंडाची, त्या गोलात पाच भोकं. हातावर बसली की भोकांतून मांस वर येतं. तिच्याविषयीसुद्धा मला कुतूहल होतं. बाबा नसताना मी ती एकदा स्वतःच्या मांडीवर हळूच मारून बघितली होती.

पण सगळ्यांत मोठं कुतूहल त्या बोलण्याचं होतं. रात्री दालनाचं दार बंद झालं की पलीकडून ते कुजबुजत यायचं आणि मला एकही शब्द लागत नसे. आपल्या भिंतीपलीकडे नऊ जणी बोलतात आणि आपल्याला ते कळत नाही, हे मला फार वाईट वाटायचं. आपल्याला कोणीतरी खेळात घेत नाही, तसं.

व्हाळावर धुण्याचा दगड होता. दुपारी बाबा आडवे झाले की भागी तिथे कपडे घेऊन यायची. ती माझ्याहून वर्षाने मोठी असेल. बारीक, काळीसावळी, पुढचे दोन दात मोठे. बाजारात बोलतात तशी भाषा तिला येत होती, कारण ती आईबरोबर तूप घेऊन खाली यायची. मी तिला विचारलं, "तुमच्यात पावसाला काय म्हणतात?"

ती कपडे चोळत राहिली. मग म्हणाली, "सांगलां तर काय देशी?"

माझ्या हातात पोय होती, कोंड्याचा पाव. सकाळी पाव विकणारा पदेर काठी वाजवत यायचा आणि आमच्या घरी चार पोया घ्यायचे. मुलींना मात्र पेज. मी पोयीचा तुकडा मोडून तिला दिला. तिने तो तोंडात टाकला नाही. आधी हुंगला. मग पोलक्यात ठेवला आणि म्हणाली, "लुमडी."

मी घरी पळत गेले आणि वहीत लिहिलं. पाऊस म्हणजे लुमडी.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर हिवाळा होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण तो तसा होता. काजूला मोहोर आला, व्हाळाचं पाणी पायाच्या घोट्याएवढं राहिलं आणि रोज दुपारी मी एक शब्द आणि एक तुकडा यांची अदलाबदल करत होते. चांदणं म्हणजे गोरकाटी. नदी म्हणजे सरंगुटी. झोप म्हणजे हिंगुर. भूक म्हणजे टिवली. ते शब्द मी तोंडात घोळवायचे, अंथरुणात पुटपुटायचे. एक दिवस मी विचारलं, "आईला काय म्हणतात?" भागीने मागे बघितलं. तिथे धाकू उभी होती, मुलींतली सगळ्यांत मोठी, कधीच न हसणारी. दोघींची नजरानजर झाली. मग भागी म्हणाली, "मोती."

आईला मोती म्हणणाऱ्या लोकांविषयी मला केवढं प्रेम वाटलं. त्या रात्री मी माझ्या आईला मोती म्हणून हाक मारून बघितली. तिने विचारलं, "हें खंयचें काडलें?" मी काही सांगितलं नाही.

माघात वही बाबांच्या हाती लागली. मीच ती मेजावर विसरले होते. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. मी दारात उभी होते आणि मला भीती वाटली नाही, उलट अभिमान वाटला, कारण ते वाचता वाचता म्हणाले, "अक्षर बरें आसा तुजें." मग पान उलटून विचारलं, "हें कोणें सांगलें तुका?"

मी म्हटलं, "भागीन."

ती दुपार मला तुकड्यांतच आठवते. बाबांनी वही घेतली, तांबडी पेन्सिल घेतली. भागीला बोलावलं आणि तिच्यामागून धाकू आपणहून गेली. दालनाचं दार लागलं. नंतर मी भागीला पाहिलं ती चार दिवसांनी, व्हाळावर. ती कपडे एका हाताने धूत होती. दुसऱ्या हाताला फडकं बांधलेलं होतं. मी हातात पोय घेऊन गेले होते, अख्खी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी पोय दगडावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

त्याच्या पुढच्या वर्षी पोर्तुगेज गेले. आकाशातून विमान गेलं, रस्त्याने जीप गेल्या आणि बाबा तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. एका सकाळी डोंगरातून माणसं आली. कोणाशी काही न बोलता त्यांनी आपापल्या मुली घेतल्या आणि वाटेला लागले. बाबा व्हरांड्यात उभे होते. त्यांना नमस्कार कोणी केला नाही आणि शिवीही कोणी दिली नाही. नंतर त्यांना नव्या सरकारात नोकरी मिळाली. शिकवण्याची नव्हे, कचेरीतली. लोक त्यांना मान देत. ते गेले तेव्हा अर्धं डिचोली स्मशानात आलं होतं.

त्यांची पेटी आवरताना वही सापडली. इतकी वर्षं त्यांनी ती का ठेवली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला.  प्रत्येक शब्दापुढे तांबड्या पेन्सिलीची एक खूण होती. मी शिक्षिका होते. अशा खुणा मी आयुष्यभर करत आले होते, मुलांच्या वह्यांत, बरोबर उत्तरांपुढे. या खुणा कशाच्या आहेत ते समजायला मला वेळ लागला नाही. एका शब्दाला एक फटका.

शाळेत मी कधी छडी हातात घेतली नाही. लोक याचं कौतुक करत आणि मी ते ऐकून घेत असे. कारण मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

भागीचा वाडा बोर्डिंगपासून फार लांब नाही. लहानपणी मला तो डोंगर दुसऱ्या देशात असल्यासारखा वाटायचा. आता वरपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि स्कूटरने पाव तास लागतो. पहिल्या वळणाला समोरच्या बाजूला खाणीने कापलेला डोंगर दिसला, तांबडा, पायऱ्यापायऱ्यांचा. दुसऱ्या वळणानंतर झाडी लागली आणि वास आला. धूर आणि म्हशी. मी रेश्माला स्कूटर जरा थांबवायला सांगितली. तिला वाटलं, मला चक्कर आली.

घर चिरेबंदी, वर कौलं, पुढे पत्र्याचा मांडव. मांडवात एक म्हातारी पाय पसरून बसली होती आणि सुपात काजू निवडत होती. पुढचे दोन दात आता नव्हते. मी तिला ओळखलं नसतं. पण काजू उचलताना तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ उभी राहात होती, मिटत नव्हती.

"ही कोण आसा?" तिने रेश्माला विचारलं.

"आजये, बोर्डिंगातल्या प्रफेसोराची..."

"चेडू," भागी म्हणाली. "पोयवाली." आणि मग मला, "बस गे. उबी कित्याक?"

मी बसले. काय बोलायचं ते मी दोन्ही बसमध्ये घोकत आले होते. त्यातलं काही आठवलं नाही. मी पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "हे तुझे शब्द आहेत," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुला मार बसला. ते तुझे तुला परत द्यायला आलेय."

ती वहीकडे बघत राहिली. हात लावला नाही. मग रेश्माला म्हणाली, "वाच. माका वाचूक येना."

रेश्मा वाचायला लागली. मला तिचा चेहरा दिसत होता. घरात त्यांचं बोलणं आता म्हाताऱ्या माणसांपुरतंच उरलं आहे, ते लिहून ठेवावं म्हणून ती किती धडपडते, हे तिने मला वाटेत सांगितलं होतं. आता इतका जुना साठा हाती आला म्हणून ती एकेक शब्द सावकाश उच्चारत होती. पाऊस, लुमडी. चांदणं, गोरकाटी. नदी, सरंगुटी. तिसऱ्या शब्दाला ती अडखळली. तिने आजीकडे बघितलं. भागीचा चेहरा हलत नव्हता. रेश्मा पुढे वाचत गेली. झोप. भूक. वारा. विस्तव. आणि मग, "आई, मोती."

भागीच्या पोटातून एक आवाज आला. आधी मला वाटलं, ती रडते आहे. तिने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवत ती हसत राहिली. हसता हसता ठसका लागला, रेश्माने पाणी आणून दिलं.

"मोती," ती म्हणाली. "मोती आमचो कुत्रो."

मी रेश्माच्या हातातल्या वहीकडे बघितलं.

"एकय खरो नाय गे त्यांतलो," ती म्हणाली. "धाकून सांगलेलां, हिका आपलां खरां काय देवूक नको. कांबळी त्या घरात गेली ती इली नाय. बांगड्यो गेल्यो त्यो इल्यो नाय. आता बोलणां तेवडां रवलां. तां पण गेलां तर आवस-बापूस वळकाचे नाय आपणाक." तिने सुपातला एक काजू उचलून परत ठेवला. "पण भूक लागलेली. तुज्या हातात पोय. मगे मी रातचे नवे शब्द करी आनी दुपारचे तुका दी. लुमडी, सरंगुटी. धाकू आनी मी हांतरुणात तोंड दाबून हसां."

म्हणजे भिंतीपलीकडून मी जे ऐकत होते त्यात कधी कधी मीच होते.

"मग मार?" मी विचारलं. "तू सांगायचं होतंस, हे खोटे आहेत म्हणून."

"कोणाक? तुज्या बापाक?" तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "त्येका खरे हवे होते. खोटे म्हटलां असतां तर खरे खंयचे, म्हणान इचारलां असतां." मग आपल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाली, "दुखूचां तां दुखलांच. ही बोटां तेवांच गेली. धाकून अर्दो मार आपणार घेतलो."

मांडवाच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. गोठ्यात म्हैस खाली बसल्याचा जड आवाज आला. मला एका क्षणी सुटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी त्या सुटल्यासारखं वाटण्याची शरम वाटली. शब्द खोटे होते म्हणून माझा दोष काही कमी होत नव्हता.

"भागी," मी म्हटलं, "मला माफ करशील?"

  तिने रेश्माच्या हातातली वही घेऊन माझ्याकडे सरकवली. "हिच्या पयल्या पानार लिव. तुज्या हातान."

रेश्माने पेन दिलं. "काय लिहू?"

"लिव. शब्द खोटे. मार खरो."

मी लिहिलं. खाली माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, त्या मुलींची नावं भागीने एकेक करून सांगितली ती लिहिली, खरी नावं. नऊच्या नऊ तिला पाठ होती. अक्षर चांगलं आलं नाही. वही रेश्माजवळ राहील असं भागीने ठरवलं.

"माफी माका एकटीक मागून काय होतलां?" ती म्हणाली. "मी वाड्यावरच्यांका कितीदा सांगूक गेलंय, कोण इस्वास ठेवी नाय. म्हणत, सरकारान शिकवलां तुमकां, फुकट जेवूक घातलां, आनी काय व्हयां. मगे सांगूचां सोडलां. तू सांग. तू त्या घरातली."

रेश्मा वाड्यावर जाऊन माणसं घेऊन आली. पंधरा-वीस असतील. म्हाताऱ्या बायका, काही पुरुष, मुलं. एक तरुण खाणीवरच्या कामाच्या जुन्या खाकी शर्टातच आला. सगळे मांडवात खाली बसले. मी आयुष्यभर वर्गापुढे उभी राहत आले होते, तशीच उभी राहिले. मी सांगायला सुरुवात केली. केस सांगितले, कांबळी सांगितली, बांगड्या, नावं. पाल्मातोरी कशी असते ते हाताने दाखवलं. वहीचं सांगितलं. ती पेन्सिल कोणाची, खुणा कोणाच्या, हे सांगितलं. "माझे वडील" असं म्हणायचं होतं तिथे दोनदा "प्रफेसोर" असं तोंडातून गेलं आणि दोन्ही वेळा मी थांबून दुरुस्त केलं.

एक म्हातारा मध्येच उठला आणि निघून गेला. त्याची बहीण त्या नऊ जणींत होती, असं नंतर कळलं. बाकीचे बसून राहिले. भागी सुपातले काजू निवडत होती. खाली बघत होती, पण ऐकत होती.

 माझं संपल्यावर पुढे बसलेल्या एका मुलीने, असेल अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट, शाळेत विचारतात तसा हात वर केला. मी सवयीने मान हलवली.

"टीचर, त्यांका मारत होते तेवां तुमी खंय होत्यो?"

हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, कारण उत्तर मला माहीत होतं.

"घरात," मी म्हटलं. "भिंतीच्या अलीकडे. आवाज येत होता. आईने पानं घेतली होती आणि मला बस म्हणाली." मी थांबले. ती मुलगी वाट बघत होती. "मी जेवले."

"सगळां?"

"सगळं. भात परत घेतला."

मुलीने हात खाली घेतला. तिने चिडून बघितलं नाही. ती फक्त विचार करत होती, हे मुलांच्या तोंडावरून मला कळतं. मागे कोणीतरी बाई आपल्या पोराला उगाचच जवळ ओढत होती.

मग भागीने सूप बाजूला ठेवलं. "काय होतां जेवणाक?" तिने विचारलं.

मला कळलं नाही. "काय?"

"त्या दिसा. तुमच्याकडे काय रांदलेलां? वास येत होतो. दारातल्या फटीतसून येत होतो."

मी आठवायला डोळे मिटले. आठवायची गरज नव्हती, त्या माशाच्या कालवणाची चव तोंडातच होती. "बांगड्यांचं हुमण."

"तिरफळां घालून?"

"हो. तिरफळं घालून."

भागीने मान हलवली, हळूहळू, बरेच वेळा. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. एखादी गोष्ट जुळून आल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा तो झाला होता.

"मगे बरोबर," ती म्हणाली. "आमकां हात वर करून उभ्यो केलेल्यो. धाकू म्हणा, तारले आसत. मी म्हणा होतंय, बांगडे. तिरफळांचो वास माका कळता. नाय गे, तारले, असां ती. मरासर आयकली नाय." तिने सूप परत मांडीवर ओढलं. "चार वर्सां झाली तिका जावन. आता तिका खंय सांगतलंय?"